लेथवरचा बार आणि रडणारी गिटार

स्टील गिटार म्हटलं की आपल्याला वाटतं, काहीतरी फॉरेनचं. पण जिचा जन्म वर्कशॉपमध्ये झाला, ती गिटार पिंपरी-चिंचवडवाल्यांना परकी कशी असेल? म्हणून ही पाच सोलोंची प्लेलिस्ट. आणि सोबत माझ्या मामाची गोष्ट.

तुमच्या घरात माळ्यावर एखादी गिटार पडलीय का? धूळ खात, एक-दोन तारा तुटलेली, कव्हरची चेन अडकलेली?

आमच्या मामाकडे होती. भोसरीत राहतो तो. कॉलेजात असताना गॅदरिंगला गिटार वाजवायचा म्हणे, आणि आई सांगते की बऱ्यापैकी वाजवायचा. मी मात्र त्याला वाजवताना कधीच पाहिलं नव्हतं. मी पहिलीत होते तेव्हा चाकणकडच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं, पहिल्या पेरापर्यंत. त्यानंतर त्याला स्टोअरला टाकलं आणि गिटार माळ्यावर गेली. घरात तो विषय कुणी काढत नाही. फोटो काढताना मामाचा डावा हात आपोआप खिशात जातो, हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

गिटार वाजवणाऱ्यांना सांगायला नको, डाव्या हाताच्या बोटांची टोकंच नसतील तर तारा दाबणार कशा? कॉर्ड धरणार कशी? संपलाच की खेळ.

मलाही असंच वाटायचं. मग एके दिवशी पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रोत बसले, कानात हेडफोन, ऑटोप्ले सुरू. एक जुनं अमेरिकन गाणं लागलं. गायकाच्या आधीच एक आवाज आला. व्हायोलिन नाही, बासरी नाही, माणूसही नाही. पण हुंदका होता, शंभर टक्के. उतरायचं स्टेशन निघून गेलं. घरी येऊन शोधलं तर कळलं, ही स्टील गिटार. आणि ती वाजवताना डाव्या हाताची बोटं तारांवर दाबतच नाहीत!

स्टील म्हणजे गिटार नाही

पहिला गैरसमज इथेच दूर करू. स्टील गिटार म्हणजे स्टीलची बनवलेली गिटार नव्हे. हे 'स्टील' म्हणजे डाव्या हातातला लोखंडी बार. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला तो गुळगुळीत बार तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. दाबायचं काहीच नाही. तारा फ्रेटबोर्डला टेकतच नाहीत.

साध्या गिटारवर 'सा'वरून 'रे'वर जाताना मध्ये पायरी लागते. इथे पायऱ्याच नाहीत, घसरगुंडी आहे. दोन सुरांच्या मधली सगळी जागा तुमचीच. तो हुंदका त्या मधल्या जागेत असतो.

हे सुचलं कुणाला? गोष्ट हवाई बेटांवरची आहे. जोसेफ केकुकू नावाचा ओआहू बेटावरचा एक शाळकरी मुलगा. असं सांगतात की तो रेल्वेच्या रुळांवरून गिटार घेऊन चालला होता. वाटेत पडलेला एक बोल्ट त्याने उचलला आणि तो तारेला लागला. आवाज घसरला. पोराच्या डोक्यातून तो आवाज जाईना. त्याने कंगवा लावून पाहिला, सुरीची पाठ लावून पाहिली. शेवटी शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने स्टीलचा गोल बार घडवला. काळ साधारण १८८५ ते १८९० मधला. १९०४ मध्ये तो हवाई सोडून अमेरिकेत गेला, आणि पुढे १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जागतिक प्रदर्शनानंतर तिकडे हवाईयन संगीताची लाटच आली.

या गोष्टीला एक भारतीय शेपूटही आहे. हवाईतल्याच काही जुन्या माणसांनी सांगून ठेवलंय की केकुकूच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक खलाशी तिथे असं सरकवून वाजवायचा, आणि तो जन्माने भारतातला होता. आपल्याकडची विचित्र वीणा अशीच काचेच्या गोट्याने वाजवतात, हे आठवलं की ही गोष्ट उगाच खरी वाटायला लागते. असो. बोल्टची गोष्ट मला जास्त आवडते. आयटीआयवाल्यांना तर आवडलीच पाहिजे.

टूलरूममधून आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार

आता पुढची ऐका. जगात व्यापारी तत्त्वावर विकायला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणती? रॉकची? जॅझची? नाही. ती मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटार होती. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेली. गोल डबा आणि लांब दांडा, म्हणून तिचं नाव पडलं 'फ्राइंग पॅन'. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, ओतीव.

तिच्यामागे दोन माणसं होती. जॉर्ज बोशाँ हा स्वतः वादक. आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर, ज्याचं टूल अँड डायचं शॉप होतं.

टूल अँड डाय! भोसरी एमआयडीसीत पाचशे मीटर चाललात तर ही पाटी किती वेळा दिसते, मोजून बघा. आपल्याकडे डायमधून ब्रॅकेट निघतात, सायलेन्सरचे पार्ट निघतात. तिकडे त्याच धंद्यातल्या माणसाच्या हातून इलेक्ट्रिक गिटार निघाली. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, हे मामाला सांगायलाच हवं.

माझे टॉप पाच

हवाईहून निघालेला हा आवाज अमेरिकेच्या दक्षिणेत कंट्री म्युझिकमध्ये जाऊन बसला तो कायमचाच. कंट्री म्हणजे शेतकरी, ट्रक ड्रायव्हर, मजूर यांची गाणी. गाव सुटल्याची, प्रेम मोडल्याची, रात्री झोप न येण्याची. त्या गाण्यांत गायक गप्प झाला की स्टील गिटार बोलते. हे पाच तुकडे एकदा ऐकाच. हेडफोन लावून. आणि रील बघता बघता नको, प्लीज.

१. 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय', हँक विल्यम्स, १९४९. स्टीलवर जेरी बर्ड.

सुरुवात याच गाण्याने करा, कारण यात कसलीही करामत नाही. हँक एकटेपणाबद्दल गातो आणि मध्ये जेरी बर्ड नुसती चालच वाजवतो. जवळपास तीच, साधी, सावकाश. आपण सोलो म्हणतो तेव्हा डोक्यात असतं फास्ट, जास्त सूर, बोटांची धावपळ. इथे उलट आहे. कमीत कमी सूर, पण प्रत्येक सूर कुठून आला आणि कुठे विरला हे ऐकू येतं. गंमत म्हणजे हा बर्ड नॅशव्हिलची चलती सोडून १९७२ मध्ये हवाईला राहायला गेला आणि जिथे ही कला जन्मली तिथल्याच पोरांना त्याने ती पुन्हा शिकवली.

२. 'युअर चीटिन हार्ट', हँक विल्यम्स, १९५२. स्टीलवर डॉन हेल्म्स.

मेट्रोतलं माझं स्टेशन चुकवणारं गाणं हेच. सुरुवातीलाच हेल्म्सची स्टील येते, उंच पट्टीत, चिरत जाणारी. हे रेकॉर्डिंग झालं २३ सप्टेंबर १९५२ ला. हँकचं ते शेवटचं सेशन ठरलं. १ जानेवारी १९५३ ला, कार्यक्रमाला जाताना, गाडीच्या मागच्या सीटवर तो गेला. वय वर्षं २९. गाणं बाजारात आलं ते तो गेल्यानंतर. हे माहीत नसतानाही त्या सुरावटीत काहीतरी संपल्यासारखं ऐकू येतं. माहीत झाल्यावर तर विचारूच नका. यातही पेडल वगैरे काही नाही. तारा, बार आणि मनगट, बस्स.

३. 'स्लोली', वेब पियर्स, १९५४. स्टीलवर बड आयझॅक्स.

मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. तोवर स्टील गिटारची एक अडचण होती. बार सरळ असतो, त्यामुळे सगळ्या तारा एकदमच वर किंवा खाली सरकतात. एक सूर स्थिर ठेवून फक्त दुसरा हलवायचा, तर कसं करणार? उत्तर निघालं पायात. गिटारला पाय लावले, खाली पेडल जोडलं आणि पेडलपासून तारेपर्यंत रॉड आणि लिव्हर. पेडल दाबलं की ठरावीक तारा तेवढ्याच ताणल्या जातात. पेडल आधीही होती, पण आयझॅक्सने तार वाजत असतानाच ते दाबलं. सूर हवेत असतानाच वळला. गाणं सुपरहिट झालं आणि अमेरिकाभरचे स्टीलवाले आपापल्या गिटारला पेडल बसवायच्या मागे लागले. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघा वादकांनी तर गॅरेजमध्ये गिटारी बनवायला सुरुवात केली आणि त्यातून 'शो-बड' ही कंपनी उभी राहिली. आज पेडल स्टीलला साधारण दहा तारा, तीन-चार पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे चार-पाच लिव्हर असतात. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे. प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? घ्या.

४. 'टुगेदर अगेन', बक ओवेन्स, १९६४. स्टीलवर टॉम ब्रमली.

पाचांतलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं. कारण गाण्याइतकंच गाव. बक ओवेन्स कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. हे गाव कसं? तेलाच्या विहिरी, कापसाची शेतं, आणि दुष्काळाने ओक्लाहोमा-टेक्सासमधून उठून आलेली माणसं. दिवसभर राबायचं आणि रात्री बारमध्ये गाणी ऐकायची. आता बेकर्सफील्डच्या जागी भोसरी, मोशी, चाकण ठेवा आणि ओक्लाहोमाच्या जागी बीड, लातूर, धाराशिव. आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील कुठून आले, विचारा एकदा. माझे आजोबा उदगीरकडून आले, पोटासाठी.

गाण्याचे शब्द आनंदाचे आहेत, दोघं परत भेटलेत. पण ब्रमलीची स्टील ऐकली की वाटतं, भेटलेत खरे, पण मधल्या काळात बरंच सोसलंय. शब्द एक सांगतात आणि गिटार दुसरंच. मजा बघा, हे गाणं आधी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूचं गाणं नंबर एकला गेलं, आणि मग हेसुद्धा गेलं.

५. 'टीच युअर चिल्ड्रन', क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग, १९७०. स्टीलवर जेरी गार्सिया.

शुद्ध कंट्रीवाले नाक मुरडतील, कारण हा रॉकवाल्यांचा ग्रुप आणि गार्सिया तर 'ग्रेटफुल डेड'चा. पेडल स्टील त्याने नुकतीच हातात घेतलेली. पण या यादीत तो हवाच. लहानपणी लाकूड फोडताना त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोठ्या भावाच्या कुऱ्हाडीखाली आलं आणि त्याचा मोठा भाग गेला. स्टीलवाले उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात नख्या घालून वाजवतात. म्हणजे तीनातलं एक त्याच्याकडे नव्हतंच. तरी या गाण्यात त्याची स्टील पहिल्या सेकंदापासून ऊन पडल्यासारखी वाजते. रडणारी गिटार हसूही शकते, हे यात कळतं.

पण हे आपलं कसं?

बरं, हे सगळं तिकडचं. आपल्याला काय त्याचं?

ज्यांनी गाण्याचा क्लास केलाय त्यांना आठवेल, गुरुजी हार्मोनिअमवर का वैतागतात. कारण तिच्यात मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं म्हणजे मींड, आणि पेटीवर तर दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं. स्टील गिटार म्हणजे निव्वळ मींड. तेव्हा हेल्म्सचा हुंदका आपल्या कानाला लगेच कळतो यात नवल नाही. आपला कान आधीच तयार आहे.

आणि ही गिटार आपल्याकडे आली तीसुद्धा आज नाही. हवाईचा वादक ताऊ मो आपल्या कुटुंबाला घेऊन जगभर फिरला आणि १९४० च्या दशकात काही वर्षं कलकत्त्याला राहिला. तिकडे 'हवाईयन गिटार'चं वेड लागलं. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओतही ती घुसली. लखनौहून मुंबईला आलेले व्हॅन शिपली व्हायोलिन वाजवायचे आणि इलेक्ट्रिक गिटारही. हिंदी गाण्यांच्या चाली त्यांनी गिटारवर वाजवल्या, त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांच्या जोडीला अ‍ॅकॉर्डियन कुणाचं? आपल्या पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं. हजारासिंग यांची गिटारही याच काळातली, आणि कलकत्त्याच्या सुनील गांगुलींच्या रेकॉर्ड तर घरोघरी. तुमच्या आजीला विचारा, शब्द नसलेली फिल्मी गाणी रेडिओवर लागायची का? आणि ती कोणत्या वाद्यावर असायची? माझी आजी पटकन म्हणाली, "ते रडकं वाद्य होय? लागायचं की!"

याच गिटारला पुढे रागदारीत बसवलं ते ब्रिजभूषण काब्रा यांनी. अली अकबर खाँसाहेबांचे ते शिष्य. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम नक्की ऐका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला आणि काब्रांची मांडीवरची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. गिटार कुठली आणि वीणा कुठली, असं होतं ऐकताना.

मग आले विश्वमोहन भट्ट. त्यांनी गिटारला तरफांच्या तारा जोडून वीस तारांची मोहन वीणा केली. अमेरिकन स्लाइडवाला राय कूडर आणि ते एका चर्चमध्ये रेकॉर्डिंगला बसले, तेव्हा दोघांची पहिली भेट होऊन तासही झाला नव्हता. त्यातून आलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. दोन माणसं, भाषा वेगळी, शाळा वेगळी. बार मात्र दोघांच्याही हातात. आता पुन्हा जेरी बर्ड लावा आणि लगेच नंतर भट्ट लावा. अंतर किती उरतं, तुम्हीच सांगा.

मग मामाला सांगितलं

एका रविवारी गेले भोसरीला. मामीने पोहे केले होते. मी मामाला आधी 'युअर चीटिन हार्ट' ऐकवलं. तो नुसता ऐकत बसला. मग व्हिडिओ दाखवला, मांडीवरच्या गिटारचा. डावा हात बघ म्हटलं.

त्याने दोनदा बघितला. मग म्हणाला, "हा बार किती एमएमचा असेल गं?"

मला वाटलं होतं, तो भावूक होईल. तो टर्नरसारखा बोलला.

"साधारण एकोणीस-वीस एमएम डायमीटर. लांबी आठ-नऊ सेंटिमीटर," मी वाचून सांगितलं.

"एका बाजूला नोज गोल केलाय. फिनिश एकदम आरशासारखं पाहिजे, नाहीतर तारेवर खरखर होणार. एमएस नको, गंजेल. एसएस घ्यावं लागेल."

पुढच्या आठवड्यात त्याने मित्राच्या लेथवर बार टर्न करून आणला. स्क्रॅपमधला एसएसचा तुकडा, फेस मारलेला, टोक गोल केलेलं, एमरी पेपरने घासून वर बफिंग मारलेलं. हातात घेतला तर थंडगार आणि चांगलाच जड. गिटारही माळ्यावरून खाली आली. तारा उंच करायला नटखाली एक पट्टी सरकवली, तीही त्यानेच फाइल करून.

बार कसा धरतात? अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, तर्जनी वरून. मामाची तर तीच दोन बोटं अर्धी आहेत. त्याने स्वतःची पकड शोधली. उरलेली पेरं बारच्या वर टेकवली आणि पलीकडून अनामिकेने आधार दिला. पहिल्यांदा बार सटकला, दुसऱ्यांदाही. करंगळी तारांवर मागे ओढत न्यायची असते, म्हणजे बारच्या मागची खरखर थांबते. ते त्याला अजून नीट जमत नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय. ही 'संगीताने सगळं बरं केलं' अशी स्टोरी नाही. तशी मला लिहायचीच नाहीये. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराची दोन बोटांची टोकं गेली, तीही कामाच्या शेवटच्या दिवशी. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली आणि पुढे 'ब्लॅक सॅबथ' उभी केली. ही गोष्ट आपण सगळे मोटिव्हेशन म्हणून शेअर करतो. पण मामाला मी ती सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मशिनला गार्ड असता तर त्याला टोपणं लागली नसती."

गप्प झाले मी.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागतील, कुणी अ‍ॅप्रेंटिस असतील, कुणाचे भाऊ-वडील आत्ता या क्षणी प्रेसवर उभे असतील. मामाने सांगितलंय म्हणून लिहिते. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत का बघा. सेन्सर आहे का, आणि चालू आहे का, तेही बघा. टार्गेटसाठी कुणी ते बंद करायला सांगितलं, तर नाही म्हणा. नवीन आहोत, कसं बोलायचं, असं वाटतं. मामालाही तसंच वाटलं होतं.

तुम्हाला करून बघायचंय?

फार खर्च नाही. जुनी साधी गिटार चालते, लोखंडी तारांची हवी. नायलॉनच्या तारांवर बार चालत नाही. तारा फ्रेटपासून वर उचलायला नटवर बसणारी धातूची पट्टी मिळते, नाहीतर मामासारखी करून घ्या. ट्यूनिंग बदला. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, जी, डी, जी, बी, डी असं लावलंत की नुसत्या तारा छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजते. मग बार सरळ आडवा ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं. साध्या गिटारवर बोट दोन फ्रेटच्या मध्ये ठेवतो. इथे बार बरोबर फ्रेटच्या पट्टीच्या वर यायला हवा. एक मिलिमीटर इकडेतिकडे आणि बेसूर. फ्रेट फक्त खुणेला, सूर कानानेच लावायचा. म्हणून आधी तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू करा आणि नुसता 'सा' शोधा. मग 'सा' ते 'रे', सावकाश, न तोडता. आठवडाभर एवढंच. शेजारी तक्रार करतील, करू देत.

मामा सध्या इथेच आहे. 'सा' ते 'रे'. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी येतो, जेवतो आणि दार लावून पंधरा मिनिटं बसतो. मामी म्हणते, मांजर रडल्यासारखं वाटतं. गाणं अजून एकही नाही.

परवा मी गेले तेव्हा त्याने 'सा'वरून बार वर नेला, 'रे'च्या थोडा पुढे गेला, थांबला, आणि हळूच मागे येऊन बरोबर सुरावर टेकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हे चुकलं होतं गं. पण चुकून परत यायला जागा आहे यात."

मी मोबाईल काढला आणि एक फोटो घेतला. गिटार, बार आणि त्याचा डावा हात. त्याने तो खिशात घातला नाही.